घरातला प्रिंटर कधी सापडतो कधी हरवतो, खाजगी आयपी ॲड्रेस नीट लावायचे कसे?

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण आता खरंच डोकं चालेनासं झालंय. घरात नेटवर्कला जोडलेल्या एकूण १४ गोष्टी आहेत. चार फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, दोन कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर, फोटो साठवायला घेतलेला हार्डडिस्कचा डबा म्हणजे नॅस, वरच्या मजल्यावर रेंजसाठी लावलेला जुना राउटर आणि एक वायफायवाला प्लग.

प्रिंटरला मी दोन वर्षांपूर्वी त्याच्याच स्क्रीनवरून १९२.१६८.१.२० हा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का करून दिला होता आणि ब्राउझरमध्ये तो आकडा टाकला की प्रिंटरचं पान उघडायचं, शाई किती उरली ते दिसायचं, सगळं छान चालू होतं. गेल्या महिन्यात मेन राउटर बदलला आणि तेव्हापासून हा खेळ सुरू झालाय. सकाळी पान उघडतं, दुपारी उघडत नाही, प्रिंट दिली की 'ऑफलाइन', मग प्रिंटर बंद करून चालू केला की चालतो आणि तासाभराने परत तेच. ड्रायव्हर तीनदा काढून टाकला. आता फॅक्टरी रीसेट मारायच्या बेतात आहे. त्याआधी कोणी सांगू शकेल का नेमकं काय होतंय?

आणि दुसरं म्हणजे, एवढ्या सगळ्या डिव्हाइसचे आयपी लक्षात ठेवायची, सांभाळायची काही धड पद्धत आहे का?

तारजोडणी

रीसेट अजिबात करू नका, प्रिंटर बिचारा ठीक आहे असं तुमच्या वर्णनावरून तरी वाटतंय. आधी एक साधी गोष्ट करून बघा. प्रिंटर भिंतीवरच्या बटणापासून पूर्ण बंद करा, स्लीप नाही, पूर्ण बंद. मग लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग लिहून पुढे १९२.१६८.१.२० टाका. प्रिंटर बंद असताना उत्तर यायलाच नको. आलं, तर तो पत्ता दुसरं कोणीतरी वापरतंय.

त्यानंतर लगेच एआरपी स्पेस डॅश ए ही कमांड द्या. तिथे आयपीच्या समोर मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या डिव्हाइसची स्वतःची ओळख, दिसतो, बारा अक्षर-आकड्यांचा, दोन दोनच्या जोड्यांमध्ये. .२० च्या, म्हणजे शेवटी २० असलेल्या आयपीच्या, समोरचा मॅक उतरवून घ्या आणि प्रिंटरच्या नेटवर्क माहितीच्या पानावरचा मॅक त्याच्याशी ताडून बघा. पिंगला उत्तर नाही आलं तरी हे करा, कारण काही डिव्हाइस पिंगला उत्तर देत नाहीत पण एआरपीत मात्र दिसतात.

कोरी पाटी

मी इथे नवीन आहे, प्रश्न फार प्राथमिक वाटला तर माफ करा. १९२.१६८ असे आकडे सगळ्यांकडे सारखेच कसे असतात? माझ्या मैत्रिणीच्या घरीही १९२.१६८.१.१ आणि माझ्याकडेही तेच. मग एकीचं दुसरीला जात कसं नाही?

निळी वही

ताई, प्रश्न प्राथमिक नाही, हा कळला की बाकीचं आपोआप उलगडतं. इंटरनेटवरचे पत्ते कमी पडणार हे फार आधी लक्षात आलं होतं, म्हणून १९९६ साली काही पत्ते कायमचे बाजूला काढून ठेवले गेले, की हे कोणीही आपल्या घरात, ऑफिसात वापरावेत पण बाहेरच्या इंटरनेटवर हे चालणार नाहीत. ते तीन गट आहेत. १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. पहिल्या गटात १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते आहेत, शेवटच्यात ६५,५३६. घरातले राउटर बहुतेक शेवटचाच वापरतात.

आता तुमचं घर आणि मैत्रिणीचं घर म्हणजे दोन वेगळ्या इमारतींमधला खोली नंबर १ असं समजा. इमारतीच्या आत 'खोली १' म्हटलं की पुरतं. बाहेरून येणाऱ्याला मात्र इमारतीचा पत्ता लागतो आणि तो पत्ता म्हणजे तुमच्या राउटरचा बाहेरच्या बाजूचा आयपी. आतल्या कोणी काय मागवलं होतं ते राउटर लक्षात ठेवतो आणि आलेलं उत्तर बरोबर त्याच्याकडे पोचवतो, यालाच नॅट म्हणतात.

घरात साधारण सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असतो. त्याचा अर्थ पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे आणि फक्त शेवटचा बदलणार. ० आणि २५५ राखीव, उरले २५४, त्यातला एक राउटरचा. शेवटचा आकडा २५६ किंवा ३०० असूच शकत नाही, कोणी सांगितला तर लिहून घेताना चूक झालीये.

उंबरठा

तारजोडणी, तुम्ही म्हणालात तसं केलं आणि अंगावर काटाच आला. प्रिंटरचं बटण बंद, दिवा विझलेला, मी समोर उभा. पिंग दिला तर चारही उत्तरं आली! म्हणजे बंद प्रिंटरच्या पत्त्यावरून कोणीतरी 'हो, मी इथे आहे' म्हणतंय.

एआरपीत .२० च्या समोरच्या मॅकची शेवटची जोडी ९डी, आणि प्रिंटरने छापलेल्या पानावर आहे ४ए. म्हणजे हा प्रिंटर नव्हेच. मग पिंगच्या पुढे डॅश टी लावलं म्हणजे तो थांबत नाही, चालूच राहतो, आणि घरातल्या एकेकाचा फोन हातात घेऊन वायफाय बंद करत गेलो. पहिला फोन, उत्तरं चालूच. दुसरा, चालूच. तिसरा म्हणजे लेकीचा फोन, त्याचं वायफाय बंद केल्याबरोबर स्क्रीनवर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. परत चालू केलं, दहाएक सेकंदांत उत्तरं सुरू.

तिच्या फोनला .२० दिला कोणी? मी तर नाही दिला.

तारजोडणी

नव्या राउटरने दिला. तुम्ही काम अगदी शिस्तीत केलंत त्यामुळे आता अंदाज बांधायची गरजच उरली नाही. काय झालं असणार ते सांगतो.

राउटरमध्ये डीएचसीपी नावाची सोय असते, घरात शिरणाऱ्या प्रत्येक डिव्हाइसला ती मोकळा पत्ता वाटते. ज्या पत्त्यांमधून वाटायचं त्याला पूल म्हणतात. तुमच्या जुन्या राउटरचा पूल बहुतेक .१०० पासून पुढे असणार, म्हणून .२० ला कोणी हात लावला नाही. नव्याचा पूल बघा, .२ पासून .२५४ असेल असं मला वाटतं. राउटरला माहीतच नाही की .२० तुम्ही प्रिंटरला देऊन बसलाय, कारण ते तुम्ही प्रिंटरच्या स्क्रीनवर केलंत, राउटरच्या वहीत त्याची नोंद नाही. बरेच राउटर पत्ता देण्याआधी 'इथे कोणी आहे का' अशी हाक मारून बघतात, पण प्रिंटर त्या वेळी बंद असला तर ओ कोण देणार?

आणि एकदा दिला की फोन तो सोडत नाही. पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो, तिला लीज म्हणतात, आणि निम्मी मुदत झाली की फोन परस्पर ती वाढवून घेतो. म्हणून महिनाभर हेच चाललंय.

प्रिंटर बंद-चालू केला की चालायचा त्याचंही कारण हेच. घरातल्या घरात डेटा शेवटी मॅकवर पोचतो, आयपीवर नाही. लॅपटॉप विचारतो '.२० कोण?' आणि जो उत्तर देईल त्याचा मॅक थोडा वेळ लक्षात ठेवतो. प्रिंटर चालू होताना आपण आल्याची दवंडी पिटतो, तेव्हा सगळे त्याच्याकडे वळतात, मग थोड्या वेळाने लॅपटॉप परत विचारतो आणि फोन आधी बोलला की तुमची प्रिंट फोनच्या दारात जाऊन पडते. फोनला त्याचं काय करायचं कळत नाही, लॅपटॉप म्हणतो ऑफलाइन.

पायवाट

हे वाचून माझ्या कॅमेऱ्याचं कोडं सुटलं बहुतेक. आज रात्री मी पण हीच टेस्ट करतो. धागा काढल्याबद्दल आभार.

कोरी पाटी

मला माझ्या राउटरचं पानच उघडत नाहीये. १९२.१६८.१.१ टाकते तर गुगल सर्चचे निकाल येतात. लॅपटॉपवर पण आणि फोनवर पण.

तारजोडणी

ताई, १९२.१६८.१.१ हा आकडा अंदाजाने टाकू नका, सगळ्या राउटरचा तो नसतो. काहींचा ०.१ असतो, काहींचा १००.१, काहींचा १०.०.०.१. लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग ही कमांड द्या, 'डिफॉल्ट गेटवे' समोर जो आकडा दिसेल तोच तुमचा राउटर. फोनवर वायफायच्या नावाला दाबून आत गेलात की गेटवे किंवा राउटर असं लिहिलेलं सापडेल.

सर्चचे निकाल येतात म्हणजे ब्राउझरला तो पत्ता वाटतच नाहीये. असं का होतं, तर मधे स्पेस पडलेली असते किंवा टिंबाच्या जागी स्वल्पविराम, किंवा १ च्या जागी इंग्रजी लहान एल अक्षर टाकलेलं असतं, दिसायला दोन्ही सारखेच दिसतात. आकड्याच्या आधी एचटीटीपी, कोलन आणि दोन तिरक्या रेघा टाकल्या की ब्राउझर सर्चकडे जात नाही. अजून एक फार कॉमन चूक म्हणजे १९२ च्या जागी १९८ टाइप होणं. तो खाजगी पत्ताच नाही, तो बाहेरचा आहे, तिथे तुमचा राउटर कधीच सापडणार नाही.

निळी वही

याला थोडी पुरवणी जोडतो. फोनवरून करताना मोबाइल डेटा बंद करा, कारण वायफायवर इंटरनेट नसेल तर फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि तिकडून घरातलं काही दिसणं शक्य नाही. व्हीपीएनचं, म्हणजे सगळा डेटा दुसऱ्या नेटवर्कमधून वळवणारं, ॲप चालू असेल तर तेही बंद करा. गेस्ट वायफायला जोडलेले असाल तर तिथून मुद्दामच घरातलं काही दिसू देत नाहीत, मेन नावाला जोडा.

आणि आयपीकॉन्फिगमध्ये तुमचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तिथेच थांबा. त्याचा अर्थ लॅपटॉपने राउटरकडे पत्ता मागितला, कोणी दिला नाही, मग त्याने स्वतःच एक घेतला. म्हणजे केबल, वायफाय किंवा डीएचसीपी, यातलं काहीतरी अडलंय. ब्राउझरशी खेळून उपयोग नाही.

कोरी पाटी

उघडलं! माझा गेटवे १९२.१६८.०.१ होता. मी आठवडाभर १.१ टाकत बसले होते. पण ब्राउझर म्हणतोय 'कनेक्शन सुरक्षित नाही', पुढे जाऊ का?

निळी वही

आकडा तुमच्याच गेटवेचा आहे आणि तुम्ही तुमच्याच वायफायवर आहात एवढी खात्री असेल तर जा. खाजगी पत्त्याला जगन्मान्य सर्टिफिकेट मिळतच नाही, कारण तोच पत्ता लाखो घरांत आहे, नेमकं प्रमाणपत्र कोणाला द्यायचं? म्हणून ब्राउझर कुरकुर करतो. आत गेल्या गेल्या पहिलं काम मात्र हे करा, राउटरच्या ॲडमिनचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. मागच्या स्टिकरवरचाच ठेवला तर घरात आलेला कोणीही स्टिकर वाचून आत शिरू शकतो.

तारजोडणी

आता उंबरठा यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. माझं ठाम मत आहे की घरातले सगळे पत्ते एकाच ठिकाणाहून वाटले जावेत, आणि ते ठिकाण म्हणजे राउटर. प्रिंटरच्या स्क्रीनवरून, कॅमेऱ्याच्या ॲपमधून, नॅसच्या सेटिंगमधून असे जागोजागी आयपी पक्के केले की वर्षाने कोणाला काय दिलंय ते कोणालाच आठवत नाही, आणि राउटर बदलला की तुमच्यासारखी फजिती होते.

म्हणून प्रिंटरला परत 'ऑटो' म्हणजे डीएचसीपीवर टाका आणि राउटरच्या पानावर जाऊन त्याच्या मॅकला एक आयपी बांधून टाका. कुठे याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात, कुठे स्टॅटिक लीज, कुठे आयपी-मॅक बाइंडिंग, मेन्यू लॅन किंवा डीएचसीपीच्या खाली असतो. मग प्रिंटर दरवेळी पत्ता मागणार आणि राउटर दरवेळी तोच देणार, दुसऱ्या कोणाला देणार नाही.

वाटपाची माझी पद्धत अशी आहे की .१ ते .१९ राउटर, स्विच (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारा डबा), ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा डबा) यांना, .२० पासून प्रिंटर आणि नॅस, .४० पासून कॅमेरे, आणि फोन वगैरे ये-जा करणाऱ्यांना .१०० ते .१९९ चा पूल. आकडा बघूनच कळतं कोण आहे. काही राउटरना बांधलेला आयपी पुलाच्या आतलाच लागतो, बाहेरचा टाकला तर एरर देतात, तसं झालं तर पूल .२० पासून सुरू करा, काही बिघडत नाही.

मध्यरात्र

तारजोडणी यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत, पण नॅसच्या बाबतीत नाही. माझा राउटर एकदा जळला. नॅस डीएचसीपीवर होता, लीज संपली, पत्ता गेला, आणि राउटर नाही तर नवा पत्ता देणार कोण? नुसता स्विच चालू होता, लॅपटॉप आणि नॅस दोन्ही त्याला केबलने जोडलेले, तरी फाइल मिळेना आणि मला त्याच दिवशी त्यातली कागदपत्रं हवी होती. तेव्हापासून नॅस आणि स्विच यांना मी त्यांच्याच सेटिंगमधून स्टॅटिक देतो. राउटर मेला तरी लॅपटॉपला हाताने त्याच पट्ट्यातला, म्हणजे पहिले तीन आकडे तेच असलेला, आयपी दिला की नॅस उघडतो.

तारजोडणी

मुद्दा रास्त आहे, मान्य. फक्त तो स्टॅटिक आयपी पुलाच्या बाहेरचाच असला पाहिजे, आणि शक्य असेल तर राउटरमध्येही त्याच मॅकला तोच आयपी बांधून ठेवा, म्हणजे कोणी कधी चुकून नॅस ऑटोवर टाकला तरी पत्ता बदलणार नाही. स्टॅटिक देताना गेटवे आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारी सोय) भरायला विसरू नका, नाहीतर घरातून दिसेल पण त्याला स्वतःला अपडेट मिळणार नाहीत.

पायवाट

फोनला पण आयपी बांधून ठेवला होता, तरी दरवेळी वेगळाच मिळतो. हे का?

निळी वही

फोन खोटा मॅक सांगतो म्हणून. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन वायफायला स्वतः बनवलेला मॅक सांगतो, जेणेकरून ठिकठिकाणच्या वायफायवाल्यांना तुमचा माग काढता येऊ नये. ही चांगली गोष्ट आहे, सरसकट बंद करू नका. फक्त घरच्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फोनचा मूळ मॅक वापरा' किंवा प्रायव्हेट ॲड्रेस बंद, असं त्या एका नेटवर्कपुरतं करा. ओळखायची खूण सांगतो, मॅकच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला मॅक. पण खरं सांगायचं तर फोनला पक्का आयपी लागतोच कशाला? ज्याच्याकडे दुसऱ्यांना जायचंय त्याला पक्का पत्ता हवा, प्रिंटर, नॅस, रेकॉर्डर यांना. फोन स्वतः जाणारा आहे.

उंबरठा

राउटरमध्ये जाऊन बघितलं, पूल खरोखरच .२ ते .२५४ होता. .१०० ते .१९९ केला, प्रिंटर ऑटोवर टाकून .२० त्याला बांधला. लेकीच्या फोनचं वायफाय बंद-चालू केलं तर त्याला आता .१०३ मिळाला.

पण विंडोजमध्ये प्रिंटर अजूनही अधूनमधून ऑफलाइन दाखवतोय. पान मात्र ब्राउझरमध्ये दरवेळी उघडतंय. आणि वरचा जुना राउटर, त्याच्या वायफायवर गेलं की लॅपटॉपला १९२.१६८.०.५ असा भलताच आयपी मिळतो आणि तिथून प्रिंटर मिळतच नाही.

मध्यरात्र

प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स टॅब बघा. तिथे डब्ल्यूएसडी असं लिहिलेलं पोर्ट निवडलेलं असेल तर नवीन पोर्ट जोडा, स्टँडर्ड टीसीपी/आयपी, आणि त्यात .२० चा पूर्ण आयपी टाका. डब्ल्यूएसडीत विंडोज प्रिंटरला हाका मारून शोधत बसतं, टीसीपी/आयपीत थेट त्या पत्त्यावर ९१०० नंबरच्या पोर्टला जातं. आता पत्ता पक्का केलाच आहे तर त्याचा फायदा घ्या.

तारजोडणी

वरचा राउटर स्वतःच पत्ते वाटतोय, म्हणून. खालून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरच्या इंटरनेटची केबल लावायच्या जागी, घरातल्या केबलसाठी असतात ती लॅन पोर्ट) लावलेली असणार, म्हणजे घरात दोन इमारती झाल्या, आणि वरच्या इमारतीचा दरवान स्वतंत्र. त्याला फक्त वायफाय फेकणारा ॲक्सेस पॉइंट करायचा. काही राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असं बटणच असतं, असेल तर ते वापरा. नसेल तर क्रम महत्त्वाचा आहे. खालून आलेली केबल आधी काढा, लॅपटॉप केबलने त्या राउटरला लावा, त्याचा लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा. सेव्ह केल्याबरोबर पान लटकेल, घाबरू नका, त्याचा पत्ता बदललाय म्हणून, नव्या पत्त्यावर परत लॉगिन करा. मग त्याचं डीएचसीपी बंद करा. आणि शेवटी खालून आलेली केबल वॅनला नाही, लॅन पोर्टला लावा. डीएचसीपी बंद न करता केबल लॅनला लावलीत तर घरात दोन जण पत्ते वाटायला लागतील आणि कोणाचं इंटरनेट कधी जाईल सांगता येणार नाही.

पायवाट

मी बाहेरगावी असताना घरचा कॅमेरा बघायला राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करायचा प्रयत्न करतोय, सगळं बरोबर भरलं तरी बाहेरून उघडत नाही. कोणाला जमलंय का?

निळी वही

पायवाट, कृपा करून थांबा. पोर्ट फॉरवर्ड म्हणजे त्या कॅमेऱ्याचं लॉगिनचं पान अख्ख्या जगासमोर उघडं ठेवणं. दिवसरात्र सगळे पत्ते चाळत फिरणारे प्रोग्रॅम असतात, त्यांना असं दार लगेच सापडतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने नेमकं हेच केलं होतं, कारखान्यातून आलेले साठेक युजरनेम-पासवर्ड वापरून बघायचे, एवढंच, आणि त्यातून लाखो कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर त्याच्या ताब्यात गेले. त्यांच्याच जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळल्या. ते कॅमेरे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरातलेच होते, मालकांना पत्ताही नव्हता. राउटरमधलं यूपीएनपी पण बंद करा, त्यामुळे डिव्हाइस न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेतात.

तुमचं उघडत नाहीये त्याचं कारण वेगळं असू शकतं. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, किंवा 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर तुमच्या इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. मग तुमच्या राउटरमध्ये काहीही उघडलं तरी बाहेरचं दार कंपनीकडेच बंद आहे.

मध्यरात्र

त्यावर उपाय व्हीपीएन. घरात चोवीस तास चालू असलेल्या एखाद्या मशीनवर, नॅस चालेल किंवा राउटरमध्येच सोय असेल तर उत्तम, वायरगार्ड हा व्हीपीएनचा प्रोग्रॅम लावा. फोनवर त्याचं ॲप. चालू केलं की फोन घरातच बसल्यासारखा, १९२.१६८ चे सगळे पत्ते तसेच चालतात. वायरगार्डला एक यूडीपी पोर्ट उघडावं लागतं, पण ज्याच्याकडे तुमची किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. कंपनीचा बाहेरचा पत्ता सामायिक असेल तर टेलस्केलसारखं वापरा, त्याला पोर्ट उघडावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र मी अनुभवाने शिकलो. घरचं नेटवर्क १९२.१६८.१ असेल आणि तुम्ही जिथे उतरलाय तिथलं वायफायही १९२.१६८.१ असेल, तर व्हीपीएन लावूनही .३० म्हणजे घरचा का इथला हे फोनला कळत नाही. म्हणून घरचा पट्टा आधीच थोडा वेगळा घ्यावा, १९२.१६८.४७ असा काहीतरी, जो सहसा कोणी वापरत नाही.

उंबरठा

मी अजून सगळं नव्याने लावतच होतो, म्हणून मध्यरात्र यांचं वाचून आजच पट्टा १९२.१६८.४७ केला. वरचा राउटर ४७.२. प्रिंटर, नॅस, टीव्ही, प्लग, दोन्ही लॅपटॉप सगळे आपोआप नव्या पट्ट्यात आले. रेकॉर्डर मात्र गायब! बसवणाऱ्याने त्याला कधीतरी १९२.१६८.१.३० स्टॅटिक देऊन ठेवलेला दिसतोय, आणि माझ्याकडे त्याला लावायला मॉनिटर नाही. आता काय करू? पट्टा परत मागे घेऊ?

तारजोडणी

मागे घ्यायची गरज नाही. रेकॉर्डर तारेवर आहेच, फक्त त्याची भाषा जुन्या पट्ट्याची आहे. लॅपटॉप केबलने राउटरला लावा, वायफाय बंद करा, आणि लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० आयपी आणि २५५.२५५.२५५.० मास्क द्या, गेटवे रिकामा ठेवला तरी चालतो. आता दोघं एका पट्ट्यात आले, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.३० उघडेल. आत जाऊन रेकॉर्डर डीएचसीपीवर टाका आणि मग लॅपटॉप आठवणीने परत ऑटोवर आणा. हे विसरलात तर उद्या लॅपटॉपवर इंटरनेट नाही म्हणून नवा धागा काढाल. कॅमेऱ्यांचंही तपासा, रेकॉर्डरमध्ये ते जुन्या आयपीने नोंदवलेले असतील तर चित्र येणार नाही.

उंबरठा

झालं! १.५० दिला आणि पहिल्याच फटक्यात रेकॉर्डरचं लॉगिन समोर आलं, मला खूप आनंद झाला. कॅमेरे दोन्ही जुन्याच पट्ट्यात होते, लॅपटॉप परत ऑटोवर न्यायच्या आधी त्याच वाटेने त्यांनाही ऑटोवर टाकलं, ४७.४१ आणि ४७.४२ बांधले, रेकॉर्डर ४७.४०. मग रेकॉर्डरमध्ये कॅमेऱ्यांच्या जुन्या नोंदी पुसून नव्या आकड्यांनी जोडले, चित्र आलं. प्रिंटरचं पोर्टही ४७.२० करून टीसीपी/आयपीवर घेतलं. नॅस मध्यरात्र म्हणाले तसा स्टॅटिक, ४७.२१.

सगळं एका कागदावर लिहिलं, डिव्हाइस, आयपी, मॅक, कुठे ठेवलंय, आणि तो कागद राउटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. राउटरच्या सेटिंगचा बॅकअपही लॅपटॉपवर घेतला. मग घराचा मेन स्विच पाडून पाच मिनिटांनी चढवला. सगळे आपापल्या आकड्यावर परत आले, एकही इकडचा तिकडे नाही.

शेवटी प्रिंटर बंद करून परत तोच पिंग दिला. चारही वेळा काहीच उत्तर नाही.

कोरी पाटी

उंबरठा दादा, त्या कागदाचे रकाने कसे केलेत तसेच मी पण करतेय. एकच विचारायचं होतं, मॅक डिव्हाइसवर कुठेच छापलेला नसेल, जसा माझ्या प्लगवर नाही, तर तो कुठून घेऊ?

तारजोडणी

राउटरच्या पानावर जोडलेल्या डिव्हाइसची यादी उघडी ठेवा, प्लग सॉकेटमधून काढा, यादी रिफ्रेश करा. जो नाहीसा होईल तो तुमचा. काही राउटर गेलेलं नाव दोन-तीन मिनिटं तसंच दाखवत राहतात, तेवढं थांबा.